सॅन स्टॉर्म: पंखा फिरतोय, तरी गाडी तापते

नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, लागायच्या आत गाडी भर दुपारी सिग्नलला न तापता उभी राहिली पाहिजे, हे या उन्हाळ्याचं पहिलं काम होतं. ते झालं. दोष जिथे सापडला ती जागा फायबर बॉडीच्या प्रत्येक जुन्या गाडीत तपासण्यासारखी आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

नवीन वाचकांसाठी: सॅन स्टॉर्म ही गाडी गोव्यात बनलेली, दोन सीटची, उघड्या टपाची. आत रेनोचं 1149 सीसीचं आठ व्हॉल्व्हचं इंजिन. साठ हॉर्सपॉवर आज कोणाला जास्त वाटणार नाही, पण गाडी हलकी आहे, बसायची जागा जमिनीलगत आहे, आणि टप उघडून सकाळी नागपूरच्या फुटाळा तलावाकडे निघालं की तेवढी ताकद भरपूर होते.

तक्रार अशी होती. वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत जाऊन या, टेंपरेचरचा काटा जागचा हलत नाही. व्हेरायटी चौकात दोन सिग्नल अडकले की तोच काटा लालकडे चढायला लागतो. एका गॅरेजमध्ये थेट हेड गॅसकेटचा, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाखालच्या सीलचा, खर्च सांगितला. मला ते पटलं नाही. गॅसकेट गेलं असतं किंवा रेडिएटर चोक असता तर हायवेवर, इंजिनवर लोड असताना, गाडी आधी तापली असती. चालत्या गाडीला समोरून हवा मिळते, उभ्या गाडीला फक्त पंख्याची. म्हणजे शोध पंख्यापासूनच सुरू व्हायला हवा.

तरी खात्री केलेली बरी. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारा व्हॉल्व्ह, काढून पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटरसोबत तापवला. त्यावर कोरलेल्या 89 अंशांच्या आसपास तो नीट उघडला. कूलंट बदललं, अर्धं कूलंट आणि अर्धं डिस्टिल्ड वॉटर. बोअरचं पाणी आत अजिबात जाऊ देऊ नका, क्षार बसतात.

मग पंखा. तो वेळेवर सुरू व्हायचा, फिरायचाही. मोटर काढून महालात कूलरच्या मोटरी दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे नेली. त्यांनी बॅटरीला थेट जोडली, तर टेबलावरचे कागद उडाले. ते म्हणाले, "मोटर बरोबर आहे नं भाऊ. करंट पुरा पोचून नाही राहिला."

घरी मल्टिमीटर लावला. इंजिन चालू असताना बॅटरीवर 13.9 व्होल्ट, पंख्याच्या कनेक्टरवर 11.2. मधले 2.7 कुठे गेले? पॉझिटिव्ह बाजूला, फ्यूज आणि रिले (पंखा चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) धरून, 0.4. उरलेले 2.3 सगळे काळ्या वायरमध्ये, म्हणजे परतीच्या, अर्थिंगच्या बाजूला. ही टेस्ट पंखा चालू ठेवूनच करायची. वायर सोडवून नुसती कंटिन्युइटी (वायर अखंड आहे का) बघितली तर मीटर बीप देतो आणि सगळं ठीक वाटतं.

पत्र्याच्या गाडीत बॉडीच परतीची वायर असते, करंट कुठूनही बॅटरीपर्यंत पोचतो. फायबरमधून वीज जात नाही. त्यामुळे दिवे, पंखा, मीटर, सगळ्यांचं अर्थिंग वायरीने चॅसिसवरच्या मोजक्या बोल्टांवर आणलेलं असतं. एक बोल्ट गंजला की त्यावरचं सगळं एकदम बिघडतं. आता आठवतं, हेडलाइट लावला की टेंपरेचरचा काटाही थोडा हलायचा. अशी जोडी दिसली तर सरळ अर्थिंगचा बोल्ट शोधा.

माझा बोल्ट रेडिएटरच्या खाली, चॅसिसच्या आतल्या बाजूला निघाला. वायरच्या टोकाच्या थिंबलवर हिरवी भुकटी, वॉशर तपकिरी, वायरचं प्लास्टिक वितळून कडक झालेलं. क्लॅम्प मीटरवर पंखा 12 अँपियर घेत होता. 12 गुणिले 2.3 म्हणजे साधारण 28 वॅट, आणि त्यातली बरीचशी त्या एवढ्याशा जोडावर उष्णता होऊन जात होती.

चॅसिसवरचा रंग घासून चकचकीत धातू काढला. नवीन तांब्याचं थिंबल क्रिंप केलं, वर हीट श्रिंक, खाली स्टार वॉशर. व्हॅसलिन बोल्ट आवळून झाल्यावर बाहेरून लावलं. पंख्याला बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत एक स्वतंत्र जाड वायर दिली, आणि गिअरबॉक्स ते चॅसिसचा जुना पट्टाही बदलला. आता काळ्या बाजूला 0.1 व्होल्ट जातो. पंख्याचा आवाजच वेगळा येतो. परवा दुपारी व्हेरायटी चौकात मुद्दाम ट्रॅफिकमध्ये शिरलो. काटा थोडा चढला, पंखा लागला, काटा खाली आला. हेडलाइटही उजळलेत, ते वरकमाईत.

फायबरचं काम थोडंच झालं. डाव्या चाकावरच्या कमानीची चीर व्ही आकारात घासून आतून फायबरच्या मॅटचे दोन थर रेझिनमध्ये दिले. आपल्याकडच्या उन्हात रेझिन डब्यातच घट्ट व्हायला लागतं, म्हणून पहाटे बसायचं, हार्डनर कमी घालायचा आणि एका वेळी वाटीभरच कालवायचं. पुट्टी आणि रंग पावसाळ्यानंतर.

त्याआधी पेट्रोलच्या नळ्या. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि त्या काळचं रबर त्यासाठी बनलेलं नाही. टाकीजवळची नळी दाबली तर बारीक तडे दिसतात. टाकी ते फिल्टर आणि फिल्टर ते इंजेक्टर रेल, दोन्हीकडे इथेनॉलला टिकणारी, इंजेक्शनच्या दाबाची नळी घालतोय. क्लिपाही सगळ्या नवीन. पॉझिटिव्ह बाजूचे 0.4 व्होल्ट अजून बाकी आहेत, संशय रिलेच्या कॉन्टॅक्टवर आहे. नळ्यांसाठी बॅटरी सोडवेन तेव्हाच रिलेही बदलतो.