चांगला हात कोणता?

मनगट मोडलेला पेशंट आला की आम्ही फिजिओथेरपिस्ट आधी त्याचा दुसरा, धड हात मोजतो. मोडक्या हाताला कुठवर न्यायचं, ते त्यावरून ठरतं. रोमच्या दक्षिणेला नेत्तुनोजवळ मी काम करते, तिथे हे रोजचंच. त्या सकाळी मात्र मापायला धड हातच सापडेना.

पेशंट एकसष्ट वर्षांचे. ऑलिव्ह काढताना शिडीवरून पडून उजवं मनगट मोडलेलं, प्लास्टर नुकतंच निघालेलं. "आधी चांगला हात द्या," मी म्हटलं. त्यांनी डावा पुढे केला. तर्जनी मधल्या बोटापेक्षा जाड आणि गार. अंगठा मुळाशी नको तितका बाजूला कलत होता. मग उजव्या हाताची बोटं निरखली. अनामिका आणि करंगळी, दोन्हींची शेवटची पेरं वाकडी, आणि ती वाकडी होऊन वर्षं लोटलेली.

"काम काय करत होता तुम्ही?"

"रिचेवितोरे. सव्वीस हंगाम."

बेसबॉलमधला कॅचर, म्हणजे बॅटवाल्याच्या मागे बसून डाव्या हातातल्या ग्लव्हने चेंडू झेलणारा. नेत्तुनोत याहून जास्त सांगावं लागत नाही. 22 जानेवारी 1944 ला दोस्तांच्या फौजा आन्झिओ-नेत्तुनोच्या किनाऱ्यावर उतरल्या, आणि अमेरिकन सैनिकांकडून इथली पोरं हा खेळ शिकली. सात हजारांवर सैनिकांच्या कबरी गावाला लागूनच आहेत. बाकी इटली फुटबॉलवेडी, पण इथे आजोबा नातवाला बेसबॉलचा ग्लव्ह आणून देतात. 1957 मध्ये अमेरिकेचा नामांकित बेसबॉलपटू जो दिमाज्जिओ इथे येऊन खेळला, तेव्हा यांचे वडील गर्दीत होते. ही गोष्ट त्यांनी मला मनगटाच्या आधी सांगितली.

वाकड्या बोटांचं कोडं लवकर सुटलं. बॅटला निसटता लागून वळलेला चेंडू उघड्या उजव्या हातावर बसतो, म्हणून कॅचर तो हात पाठीमागे लपवतात. धावणाऱ्याला बाद करायला तो पुढे आणावाच लागतो, आणि घात तिथेच होतो.

डाव्या तर्जनीचं मात्र मला उमगेना. मी मिरजेच्या गल्लीत भावाच्या बोलिंगवर कीपिंग केलेलं. कीपर चेंडूबरोबर हात मागे घेतो, धक्का त्यात जिरतो. तसं मी बोलून दाखवलं. त्यांनी मान हलवली. कॅचरच्या पाठीमागे अंपायर उभा असतो आणि चेंडू स्ट्राइक, म्हणजे बॅटवाल्याला मारता येण्याजोग्या पट्ट्यातून आलेला, की नाही ते ठरवतो. त्या पट्ट्याच्या कडेवरचा चेंडू घेताना ग्लव्ह जरा जरी वाहवला, तर स्ट्राइक हातची गेली. म्हणून चेंडू येईल तिथेच हात रोवायचा. दीडशे ग्रॅमच्या आतबाहेरचा चेंडू, ताशी एकशेतीस-चाळीस किलोमीटर वेगाचा, आणि हात तसूभर हलवायचा नाही!

मी कागदावर हिशोब मांडला. वर्षाला चाळीस सामने, सामन्याला एकशेतीस चेंडू, सव्वीस वर्षं: एक लाख पस्तीस हजार. सराव धरलाच नव्हता. बरेच कॅचर तर्जनी ग्लव्हच्या बाहेर ठेवतात. यांना कुणी सांगितलं नाही, आणि जुनी सवय मोडवेना. मार्चच्या गार सामन्यांत बोट पांढरं पडायचं, तेव्हा ते खिशात घालायचे. आता सुन्न व्हायचं, ते त्यांनी वयाच्या खात्यावर टाकलेलं.

मी त्यांना मूठ आवळायला सांगितली, मनगटाच्या दोन्ही धमन्या दाबल्या, मूठ उघडायला लावून एक सोडली. तळवा पाच-सहा सेकंदांत गुलाबी झाला. तर्जनी पंधरा मोजले तरी मेणासारखीच. मला पोटात गोळा आल्यासारखं झालं. ज्या हातासाठी ते आलेच नव्हते, त्यालाच जास्त धोका होता. त्याच दिवशी रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. तपासणीत बोटाच्या दोन धमन्यांपैकी एक जवळजवळ बंद निघाली. बोट ऊबेत ठेवायचं आणि ग्लव्ह पुन्हा घालायचा नाही, असं त्यांना सांगण्यात आलं. ते लहान मुलांना शिकवतात. त्या बातमीने ते बराच वेळ गप्प होते, आणि मीही काही बोलले नाही.

उजव्या हाताचं उद्दिष्ट मग त्यांनीच ठरवलं: 18.44 मीटर. चेंडू टाकणाऱ्या पिचरच्या पट्टीपासून बॅटवाल्यापाशी असलेल्या होम प्लेटपर्यंतचं अंतर. तेवढ्या अंतरावरून पोरांकडे चेंडू टाकता आला की झालं. अंश मोजायचं यंत्र बाजूला ठेवून मी टेप आणली.

अकराव्या आठवड्यात आम्ही केंद्रामागच्या अंगणात अंतर आखलं. त्यांनी पिशवीतून जुना, काळपट ग्लव्ह काढून माझ्या हातात घातला. पहिला चेंडू सरळ आला, आणि माझा हात सवयीने मागे गेला.

"दोत्तोरेस्सा, गेली स्ट्राइक!"

दुसराही तसाच. तिसऱ्याला मी दात आवळून हात जागेवर ठेवला. सण्णकन कळ आली. ग्लव्ह काढून बघते तो तर्जनीचं मूळ लालभडक. ते चालत माझ्यापर्यंत आले, माझं बोट चिमटीत दाबून सोडलं, आणि रंग परत येईपर्यंत बघत उभे राहिले.