व्हॉल्व्ह निर्दोष निघाला

महिनाभर शोधलेली ईएल८४ ची, म्हणजे अँप्लिफायरमध्ये आवाज वाढवणाऱ्या काचेच्या व्हॉल्व्हची, जुळवलेली (सारख्या मोजमापाची) जोडी आज एकदाची हाती आली.

झालं असं होतं: जुन्या अँप्लिफायरचा डावा आवाज घोगरा यायला लागला. खोलीतला दिवा मालवून बघितलं, तर एका व्हॉल्व्हची करडी प्लेट मधोमध लालभडक. फिलामेंटचा केशरी उजेड वेगळा, हे प्रकरण वेगळं: प्लेट जास्त प्रवाहाने तापलेली. तडक बंद केला आणि शोध सुरू. ईएल८४ म्हणजेच अमेरिकी नावाने ६बीक्यू५, एवढं माहीत असलं की निम्मं काम होतं. मध्ये एक ‘न वापरलेला’ नग मिळाला होता. खोका कोरा करकरीत, पण काचेच्या टोकाचा चंदेरी मुलामा दुधासारखा पांढरा! म्हणजे आत हवा शिरलेली. खोक्याला काय चाटायचंय?

तर आज नवी जोडी बसवणार, एवढ्यात डोक्यात प्रकाश पडला (महिन्याने!). आधी जुन्याच दोन व्हॉल्व्हची जागा बदलून बघू. बदलली, तर लाली त्याच सॉकेटात! म्हणजे दोष व्हॉल्व्हचा नाही. ग्रिडवर (व्हॉल्व्हमधला प्रवाह आवरणारी जाळी) मीटर लावला. जिथे शून्य हवं तिथे चक्क ९ व्होल्ट. आधीच्या टप्प्यातला डीसी (एकाच दिशेने वाहणारा विद्युतप्रवाह) अडवायला बसवलेला कपॅसिटरच तो पुढे झिरपू देत होता. नवी जोडी तशीच लावली असती तर तीही भाजून निघाली असती.

साठ वर्षांचा तो मेणचट कपॅसिटर काढला, नवा डकवला. डावा आवाज खणखणीत. व्हॉल्व्ह जुनेच आहेत. नवी जोडी खोक्यात, आणि बायको विचारतेय, मग ही घेतली कशाला?