नळ, बाटली आणि चौथीचा वर्ग

आज चौथीच्या मुलांबरोबर रचना-प्रक्रियेचा, म्हणजे एखादी अडचण समजून घेऊन तिच्यावर उपाय घडवण्याचा, पहिला तास घेतला. अहमदाबादच्या शिक्षणतज्ज्ञ किरण बीर सेठी यांनी २००९ मध्ये सुरू केलेल्या ‘डिझाइन फॉर चेंज’ उपक्रमातील चार पायऱ्या, म्हणजे जाणून घेणे, कल्पना करणे, करून पाहणे आणि इतरांना सांगणे, मी फळ्यावर लिहिल्या खऱ्या, पण मुलांना त्या उमगल्या हात धुण्याच्या नळापाशी.

पहिलीची मुले टाचा उंचावून नळाखाली हात धरतात आणि पाणी कोपरापर्यंत ओघळून बाही भिजते, हे आम्ही रोजच पाहत होतो, आज मात्र चौथीच्या मुलांनी सुतळीने त्यांच्या हातांची लांबी मोजली, “तुला काय अवघड जातं?” असे विचारले आणि मगच चित्र काढायला घेतले. पाट ठेवण्याची सूचना एका मुलीने खोडून काढली, कारण ओल्या फरशीवर तो सरकला असता. शेवटी प्लास्टिकची बाटली उभी कापून तिची पन्हळ नळाला बांधली. सुतळी सैल झाली आणि पन्हळ पाण्यासकट खाली आली. पुढे होऊन मदत करावी असे फार वाटले, तरी मी थांबले. एका मुलाने सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली आणि बाटलीच्या धारदार कडेला, कुणी न सांगता, चिकटपट्टी लावली.

फसलेल्या पन्हळीचे चित्र मी वहीतून खोडू दिले नाही. उद्या मधल्या सुट्टीत पहिलीची मुले हात धुतील, तेव्हा चौथीचे पाच जण त्याच वह्या घेऊन शेजारी उभे राहणार आहेत.