सीटन डेलाव्हलची पागा, अपडेट ४: कमानी उभ्या राहिल्या

मंडळी, तीन आठवडे काही टाकलं नव्हतं कारण कमानीच जमत नव्हत्या, आता जमल्यात. नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो, इंग्लंडात नॉर्थम्बरलँडमध्ये समुद्राजवळ सीटन डेलाव्हल हॉल आहे, आर्किटेक्ट जॉन व्हॅनब्रू, डिझाइन १७१८ च्या सुमारास. मी मॉडेल अख्ख्या हॉलचं करत नाहीये, फक्त पूर्वेकडच्या विंगमधल्या पागेचं, १:५० स्केलला, आणि तेही आतून.

आतूनच का, तर जीव तिथेच आहे. एरवी दोन ठाणांच्या, म्हणजे घोडा बांधायच्या जागांच्या, मधे लाकडी पार्टिशन असतं, इथे तेसुद्धा दगडी. प्रत्येक ठाणाच्या मागच्या भिंतीत गवतासाठी कमानदार कोनाडा, वर त्या घोड्याचं नाव, आणि डोक्यावर या रुंद दगडी कमानी. घोड्यांसाठी एवढं भारदस्त काम केलंय की आत गेल्यावर माणूस आपोआप हळू बोलतो.

पहिली कमान ५ मिमी सनबोर्डच्या (मॉडेलसाठीचा हलका फोमचा बोर्ड) एकाच थराची केली, आकार बरोबर पण वजनच दिसेना. व्हॅनब्रूचं सगळं जाडीत आहे, कमानीखाली उभं राहून वर बघितलं की दगडाची खोली दिसली पाहिजे. मग चार थर फेव्हिकॉलने चिकटवले, आतल्या गोलाईला ड्रॉइंग शीट वाकवून बसवलं, वरून पीओपीचा पातळ हात, आणि तो अर्धवट सुकलेला असताना टाचणीने दगडांचे सांधे कोरले. पूर्ण सुकू दिलं तर कडा तुटतात, हे ध्यानात ठेवा.

काल नावं रंगवली, हर्क्युलिस, झेफिरस, पीकॉक, ट्रिपल झीरो, म्हणजे अगदी बारीक टोकाचा ब्रश लागला. हॉल बांधून घेणारे अ‍ॅडमिरल जॉर्ज डेलाव्हल १७२३ मध्ये घोड्यावरून पडूनच गेले, काम पुरं व्हायच्या आत, व्हॅनब्रूही १७२६ मध्ये गेले, रंगवताना ते सारखं मनात येत होतं. पुढे १८२२ च्या आगीत मधला मुख्य भाग आतून जळाला पण पागा वाचली, म्हणून आज नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेमुळे आपल्याला बघता येते.

आता गव्हाणी आणि फरशी राहिलीय. पीओपीवर जुन्या वालुकाश्माचा रंग कुणी केलाय का, चहाच्या पाण्याने की पातळ अ‍ॅक्रिलिकने? फोटो असेल तर टाका, रविवारी पहिला हात मारायचा विचार आहे.