तुम्ही विचारलंत म्हणून: पदवी की ट्रेड?

"पदवी घ्यावी की ट्रेडचा, म्हणजे टर्नर-फिटरसारख्या हातकामाचा, कोर्स करावा? पैसा कशात जास्त?" वर्कशॉपात शिकवतो म्हणून मुलं विचारतात, त्यांचे आईवडील तर हमखास. उत्तर एका शब्दात हवं असतं, ते मी देत नाही, मग लोक नाराज होतात. म्हणून एकदा सविस्तर सांगतो.

आकडा हवा असेल तर आहे. जगभरचे अभ्यास चाळून साकारोपुलोस आणि पॅट्रिनोस या अर्थतज्ज्ञांनी २०१८ मध्ये मांडलं की शिक्षणाच्या प्रत्येक वाढीव वर्षाचा परतावा, म्हणजे कमाईतला फायदा, सरासरी ९ टक्क्यांच्या आसपास असतो. पण ही सरासरी आहे. कोणता कोर्स, कोणाला, कोणत्या वयात, हे तिच्यात दिसत नाही.

मी टर्नर, लेथ मशीनवर धातू कापून आकार देणारा. कोर्स संपताच लेथवर उभा राहिलो. बरोबरीचे कॉलेजात फी भरत होते तेव्हा मी घरात पगार देत होतो. शिकण्याच्या वर्षांत बुडालेला पगार हाही खर्चच असतो, तो कुणी धरत नाही. तेव्हा मला विचारलं असतंत तर ठासून सांगितलं असतं, ट्रेडच.

मग आमच्या शॉपमध्ये सुपरवायझरची जागा निघाली. ते काम तोवर मीच पाहत होतो: कोणता जॉब कोणाला द्यायचा, टूल कधी बदलायचं, रिजेक्शन कशामुळे वाढलं. अर्ज केला. साहेबांनी वाचला, बाजूला ठेवला. "तुझ्या कामाबद्दल प्रश्नच नाही रे, पण या पदाला पदवी लागते." जो मुलगा आला तो सज्जन होता, हे मुद्दाम सांगतो. मायक्रोमीटरचं रीडिंग घ्यायला त्याला मीच शिकवलं. पहिल्या महिन्यापासून त्याचा पगार माझ्याहून जास्त. त्याच्यापुढे अजून पायऱ्या होत्या, माझ्यापुढे एकही नव्हती. घरी मी "जागा भरली" एवढंच सांगितलं.

अर्थतज्ज्ञ मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्येच मांडलं होतं की पदवीने कौशल्य वाढो न वाढो, मालकाला ती उमेदवाराच्या कुवतीची खूण वाटते. हे वाचलं तेव्हा मला बळ आलं. पदवी म्हणजे नुसता शिक्का, असं मी पुढे कित्येक वर्षं सांगत होतो.

आता तेवढ्या ठामपणे सांगवत नाही. सीएनसी मशीन, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणारं मशीन, आलं तेव्हा तो मुलगा मॅन्युअल घेऊन बसला आणि प्रोग्रॅम लावू लागला. मला वेळ लागला. अर्थतज्ज्ञ हानुशेक आणि सहकाऱ्यांनी ११ देशांची आकडेवारी पाहून हेच म्हटलंय: व्यावसायिक शिक्षण घेतलेल्यांना सुरुवातीला काम लवकर मिळतं, वय वाढतं तसा तो फायदा ओसरतो. पण मला विचारायचंय, त्या मशीनचं ट्रेनिंग आधी कोणाला दिलं गेलं? आम्हाला नाही. मग ओसरलं ते ट्रेडचं मोल, की आमच्यावर कोणी खर्चच केला नाही?

सगळी सर्टिफिकेटं सारखी नसतात, एवढं मात्र नक्की. इंग्लंडमध्ये २०११ साली प्राध्यापक ॲलिसन वुल्फ यांच्या अहवालाने दाखवलं की खालच्या पातळीच्या कित्येक व्यावसायिक पात्रतांना नोकरीच्या बाजारात जवळजवळ किंमत नाही. म्हणून कोर्सला जोडून पगारी अप्रेंटिसशिप आहे का, पुढे डिप्लोमा किंवा पदवीला जाता येतं का, हे आधी विचारा. पुढची वाट बंद असेल तर मी "करा" म्हणत नाही.

आणि पुन्हा संधी मिळाली तर मी काय निवडेन? तो अर्ज आठवला की पदवी म्हणतो. पण त्या पहिल्या पगारांवर घर चाललं होतं. कॉलेजात गेलो असतो तर ते कशावर चाललं असतं?