कॅरमला पैसे मिळतात, ताईच्या पगाराला मिळत नाहीत

पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी एका वस्तीत आमची छोटी संस्था रोज संध्याकाळी एक केंद्र चालवते. येणारी मुलं साधारण चौदा ते एकवीस वयाची. बहुतेकांची शाळा सुटलेली, काहींची बाल न्याय मंडळात केस चालू. तारखेला मुलासोबत जाऊन बसणं, दहावीला बाहेरून बसण्याचा १७ नंबरचा फॉर्म भरून घेणं, जातीच्या दाखल्यासाठी पाठपुरावा करणं, घरात भांडण पेटलं की आईशी बोलणं, असं आमचं काम. त्याला सामान फारसं लागत नाही, रोज तेच माणूस लागतं. देणगीदारांना मात्र सामान आवडतं. कॅरम बोर्ड, टॅब, दप्तरं, टी-शर्ट यांना कधीच तोटा पडला नाही. दोन कार्यकर्त्यांचा पगार मागितला की समोरचा पाणी प्यायला लागतो.

निधीचा आणि बातम्यांचाही एक संबंध आहे, तो कुणी उघड बोलत नाही. शहरात ‘कोयता गँग’च्या बातम्या सुरू झाल्या की फोन येतात, भेटी ठरतात, ‘युथसाठी काहीतरी करायचंय’ म्हणतात. महिना-दोन महिने बातम्या थंडावल्या की फोनही थंडावतात. म्हणजे आमचं काम नीट झालं तर आमचा निधी जाणार. हे गणित मी एका मीटिंगमध्ये बोलून दाखवलं, कुणीच हसलं नाही.

सरकारी योजना आहेत, पण आमची मुलं त्यांच्या फटीत पडतात. बालसंगोपन किंवा मिशन वात्सल्यची मदत अठराच्या आतल्यांसाठी. अठरानंतरचं अनुरक्षण (स्वतःच्या पायावर उभं राहीपर्यंतची मदत) आहे, तर ते बालगृहातून बाहेर पडलेल्यांसाठी. आईजवळ राहणारा, साडेअठरा वर्षांचा, काम सुटलेला मुलगा कुठल्याच रकान्यात बसत नाही. म्हणून आम्ही कंपन्यांच्या सीएसआरकडे, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीकडे वळलो. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावीच लागते.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत), ८०जी (देणगीदाराला करसवलत), तीन वर्षांची ऑडिट रिपोर्ट आणि सीएसआरचे पैसे घेणाऱ्या संस्थेला १ एप्रिल २०२१ पासून सक्तीचा झालेला सीएसआर-१ नोंदणी क्रमांक. त्या फॉर्मवर सीए, कंपनी सेक्रेटरी किंवा कॉस्ट अकाउंटंटची डिजिटल सही लागते, त्यामुळे सीए आपला असला तर बरं. कार्यकारिणी बदललेली असेल तर धर्मादाय कार्यालयात दाखल केलेल्या चेंज रिपोर्टची पोच जवळ ठेवा, हमखास मागतात.

खरी ओढाताण बजेटवर झाली. आम्ही दोन कार्यकर्त्यांचे पगार सगळ्यात वर लिहिले होते. कंपनीच्या मॅडमनी त्यावर पेन टेकवून सांगितलं, “हे अ‍ॅडमिन झालं. अ‍ॅडमिनला पाचच टक्के.” हे वाक्य मी याआधीही दोन-तीन ठिकाणी ऐकलं होतं आणि मान डोलवून घरी आले होते. या वेळी नियमच छापून नेला होता. जानेवारी २०२१ च्या सुधारित नियमांत ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनाच्या खर्चाला आहे. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च त्या व्याख्येतून वगळलेला आहे. मुलासोबत तारखेला बसणारी ताई म्हणजेच आमची अंमलबजावणी. मॅडमनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाल्या, “लीगलला विचारते.” लीगलने होकार कळवला. वाद घालायला गेलेच नव्हते, कागद सरकवला एवढंच. पगार बजेटमध्ये राहिले.

मग आला लाभार्थ्यांच्या नावांचा आणि फोटोंचा विषय. वार्षिक अहवालासाठी त्यांना ‘बदललेल्या मुलांचे’ चेहरे हवे होते. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे केस असलेल्या मुलाची ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करता येत नाही, शिक्षा आहे. आम्ही कोड नंबर दिले आणि फोटो पाठमोरे. एका मुलाने स्वतःच विचारलं, “ताई, माझी पाठ तरी भारी आली का?”

‘किती मुलं गुन्ह्यापासून वाचली?’ हा रकाना मी रिकामा ठेवला. न घडलेली गोष्ट मोजता येत नाही आणि खोटा आकडा एकदा दिला की दरवर्षी वाढवून द्यावा लागतो. त्याऐवजी हजेरी, न चुकलेल्या तारखा, दहावीला बसलेली मुलं, आयटीआयचे प्रवेश आणि सहा महिने टिकलेली नोकरी एवढं मोजायचं ठरलं. माझ्या मते यातली न चुकलेली तारीख सगळ्यात बोलकी आहे, कारण तारीख चुकली की सगळंच बिघडत जातं. कंपनीला आयटीआयचा आकडा आवडला. असो.

आम्ही एक वर्षाचा करार नाकारला, हे मात्र बरं झालं. नियमांत ‘चालू प्रकल्प’ अशी सोय आहे: सुरू झालेलं आर्थिक वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंतचा प्रकल्प कंपनीचं बोर्ड मंजूर करू शकतं. वर्षअखेरीस त्यातली रक्कम शिल्लक राहिली तर ती वेगळ्या खात्यात टाकून त्याच प्रकल्पाला वापरता येते. त्यामुळे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पैसे संपवण्यासाठी टी-शर्ट छापण्याची घाई टळते. आमच्या प्रपोजलला पहिल्याच पानावर ‘चालू प्रकल्प’ लिहिलं होतं, शेवटी तसंच मंजूर झालं.

तरी एप्रिल ते जून कोरडेच जातात. आधीच्या हप्त्याचं युटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला), मग त्यांची मंजुरी, मग पुढचा हप्ता. पगार मात्र एक तारखेला. त्यासाठी वस्तीबाहेरच्या ओळखीपाळखीच्या लोकांकडून महिना पाचशेची यूपीआय ऑटोपे देणगी सुरू केली. त्यातले अर्धे नव्या करप्रणालीत आहेत, म्हणजे ८०जीचा त्यांना काही उपयोग नाही, तरी देतात. आमची मुलं ज्या मंडळाच्या पथकात ढोल वाजवतात, त्या मंडळानेही वर्गणीतला थोडा भाग खोलीच्या भाड्याला लावला. बदल्यात दारावर मंडळाचा फलक हवा म्हणाले. लावला. कंपनीच्या फलकापेक्षा तो मोठा आहे, यावर मॅडम अजून काही बोललेल्या नाहीत.

कंपनीच्या कराराचं हे दुसरं वर्ष. ऑटोपेचे पैसे सध्या भाडं आणि एका कार्यकर्तीचा अर्धा पगार भागवतात. करार संपेपर्यंत ते पूर्ण पगारापर्यंत न्यायचे आहेत, म्हणून दर शनिवारी एका सोसायटीत जाऊन बोलते. या शनिवारी सहकारनगर आहे.