ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यातला फ्रिज : आतापर्यंतची प्रगती

मंडळी, सध्या हाताखाली दोन फ्रिज आहेत. एक आमच्या स्वयंपाकघरातला दोन दारांचा फ्रॉस्ट-फ्री (बर्फ आपोआप वितळवणारा), आत गारवा करणारा गॅस आर-६००ए. दुसरा आत्याकडचा जुना एकदारी, मागे काळी जाळी असलेला, आर-१३४ए वाला. दोन्हींवर बरंच काम झालंय, म्हणून सविस्तर लिहितो.

मे महिना

उन्हाळ्यात आमच्या लष्कर भागात घरोघरी एकच तक्रार असते : दुपारभर कॉम्प्रेसर बंदच होत नाही. मिस्त्री येतो, 'गॅस कम है' म्हणतो आणि लोक पैसे मोजतात. माझं ठाम मत आहे की त्याआधी फ्रिजची नेमप्लेट वाचावी. तिच्यावर क्लायमेट क्लास लिहिलेला असतो. 'टी' म्हणजे १६ ते ४३ अंश, 'एसटी' म्हणजे १६ ते ३८, 'एन' म्हणजे १६ ते ३२. खोलीचं तापमान एवढ्या टप्प्यात असेल तर फ्रिज नीट चालेल, असा त्याचा अर्थ. आमचा 'टी' आहे, म्हणजे यातला सगळ्यात वरचा. आणि ग्वाल्हेरचा पारा मे-जूनमध्ये ४५ च्याही वर जातो.

मी वहीत हिशोब मांडून पाहिला. फ्रिज थंडी तयार करत नाही, आत शिरलेली उष्णता उपसून बाहेर टाकतो. विहिरीतून पाणी काढण्यासारखंच : पाणी खोल गेलं की तेवढ्याच घागरीला जास्त दोर ओढावा लागतो. खोली ३० अंशांवर असेल तर ४ अंशांच्या कप्प्याशी फरक २६ चा. खोली ४५ वर गेली की तो ४१ होतो, म्हणजे भिंतींतून दीडपटीपेक्षा जास्त उष्णता आत येणार. तिकडे कंडेन्सरला, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळीला, खोलीपेक्षा गरम राहावंच लागतं, नाहीतर उष्णता बाहेर जाणार कशी? १५ अंशांचा फरक धरला तर तो ४५ ऐवजी ६० वर जातो. फ्रीझरची कॉइल (आतली गार नळी) उणे २५ वर धरून आदर्श यंत्राचा सीओपी, म्हणजे एका युनिट विजेत किती युनिट उष्णता उपसली जाते, तो काढला : पहिल्या वेळी साधारण ३.५, दुसऱ्या वेळी २.९. उष्णता जास्त यायची आणि प्रत्येक घागरीला वीजही जास्त लागायची. फ्रीझरला हा मार थोडा कमी बसतो, तरी एकूण काम पावणेदोन पटीच्या आसपास जातं. ३० अंशांत जो कॉम्प्रेसर निम्मा वेळ विश्रांती घेतो, त्याला ४५ मध्ये विश्रांती जवळजवळ उरतच नाही. यात बिघाड काहीच नाही.

मग आपल्या हातात काय उरतं? उष्णता बाहेर पडायची वाट मोकळी ठेवणं. आमच्या फ्रिजला मागे जाळी नाही, कंडेन्सरची नळी दोन्ही बाजूंच्या पत्र्याआड आहे. बाजू तापतात त्या म्हणूनच, घाबरायचं कारण नाही. पण फ्रिज भिंत आणि मांडणी यांच्यामध्ये घट्ट बसवलेला होता. दोन्हीकडे चार-चार बोटं जागा केली. आत्याकडच्या जाळीवर लूची धूळ आणि फोडणीचा तेलकट थर मिळून नमदा तयार झाला होता. प्लग काढून मऊ ब्रशने तो वरून खाली झाडला, उरलेला साबणाच्या ओल्या फडक्याने पुसला.

तापमान मोजताना थर्मामीटर हवेत लटकवू नका, दार उघडलं की आकडा उड्या मारतो. मी स्टीलच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात तो बुडवतो आणि मधल्या फळीवर ठेवतो. म्हणजे दुधाला, भाजीला खरंच काय मिळतंय ते कळतं. आमच्याकडे दुपारी चारचा आकडा ९-१० असायचा. जागा मोकळी केल्यावर तो ६ वर आला. एकही भाग बदलला नाही, एक ग्रॅम गॅस भरला नाही.

कूलरचा पेच मात्र अजून सुटलेला नाही. कूलरची हवा स्वयंपाकघरात घेतली की खोली उतरते, कंडेन्सरला बरं वाटतं. पण ती हवा दमट असते. दार उघडलं की तीच आत शिरते, आत्याच्या फ्रीझरवर बर्फ चढतो आणि दाराच्या रबराशी पाण्याचे थेंब जमतात. सध्या झोत फ्रिजच्या मागच्या अंगाला वळवून ठेवलाय, दाराकडे नाही. आमरसाचे दिवस असल्याने दार सारखं उघडतंच, त्यामुळे आकडे स्वच्छ मिळत नाहीत.

जून : आत्याच्या फ्रिजची 'टक'

वीज जाऊन आली की मोटर हुंकारायची, मग 'टक', पुन्हा शांत, थोड्या वेळाने तेच. ती 'टक' ओएलपीची, म्हणजे जास्त करंट झाला की मोटर तोडणाऱ्या ओव्हरलोड प्रोटेक्टरची. अर्थात कॉम्प्रेसर चालूच होत नाहीये. प्लग काढून कॉम्प्रेसरच्या तिन्ही पिना मल्टीमीटरने मोजल्या : कॉमन-रन १४ ओहम, कॉमन-स्टार्ट २२, रन-स्टार्ट ३६. पहिल्या दोघांची बेरीज तिसऱ्याएवढी येते आणि कुठलीही पिन बॉडीला लागत नाही, म्हणजे वाइंडिंग शाबूत. मग पीटीसी रिले, म्हणजे मोटर सुरू करून देणारा छोटा भाग, काढून कानाशी हलवला तर आत खुळखुळ. चकती फुटलेली. नवा रिले महाराज बाड्याच्या चौकाजवळच्या दुकानात मिळाला. जुना सोबत न्यावा, दिसायला सारखे असले तरी सगळे एकमेकांना चालत नाहीत.

या चकतीचं काम मला फार आवडतं. थंड असताना तिचा रोध अगदी थोडा, म्हणून स्टार्ट वाइंडिंगला भरपूर करंट मिळतो. करंट जाताच ती तापते, रोध प्रचंड वाढतो आणि स्टार्ट वाइंडिंग आपोआप बाजूला पडतं. पण वीज क्षणभर जाऊन लगेच आली तर चकती अजून गरमच असते, शिवाय कॅपिलरीच्या (गॅस जाते त्या बारीक नळीच्या) दोन बाजूंचा दाबही समान झालेला नसतो. मोटर अडते ती इथे. म्हणून तीन मिनिटं थांबून वीज सोडणारा स्टॅबिलायझर आत्याकडे बसवला. आमच्या गल्लीतली वीज पाहता तो हवाच.

जुलै-ऑगस्ट : फ्रॉस्ट-फ्री, पण बर्फ

भाजीच्या ट्रेखाली पाणी साचायला लागलं आणि खालचा कप्पा कोमट पडला. फ्रीझरचा मागचा पॅनेल उघडला. इथे बर्फाची ठेवण नीट वाचावी. कॉइलच्या सुरुवातीच्या दोन-चार वेढ्यांवरच बर्फ असेल आणि बाकीची कोरडी असेल, तर गॅस कमी असल्याचा संशय घ्या. पूर्ण कॉइल पांढऱ्या थराखाली गाडली गेली असेल, तर डिफ्रॉस्ट, म्हणजे हीटरने बर्फ वितळवणं, होत नाहीये. आमच्याकडे दुसरं चित्र होतं. हवेला वाटच नव्हती, मग खाली गारवा पोहोचणार कसा?

हीटरवर १५० वॉट लिहिलंय. २३० चा वर्ग भागिले १५०, म्हणजे सुमारे ३५० ओहम. मीटरवर तेवढाच आला. थर्मल फ्यूज ठीक. टायमरची खाच हाताने फिरवली तर तो डिफ्रॉस्टवर जात होता. राहिला बायमेटल, म्हणजे तापमानावर चालणारा हीटरचा स्विच. तो थंडीत जुळायला हवा, म्हणून आत्याच्या फ्रीझरमध्ये तासभर ठेवून मोजला. जुळलाच नाही. नवा बसवल्यापासून कॉइल मोकळी आहे.

निचऱ्याचं भोकही बर्फाने बुजलं होतं. सिरिंजने कोमट पाणी सोडत राहिलो, तेवढ्यात मागच्या कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये पाणी पडल्याचा आवाज आला. बर्फाला सुरी किंवा स्क्रूड्रायव्हर लावू नका. अ‍ॅल्युमिनियमची कॉइल पातळ असते, एक भोक पडलं की सगळा गॅस गेला.

गॅसबद्दल स्पष्टच सांगतो. तो वापरून संपत नाही. कमी असेल तर कुठेतरी गळती आहे, ती शोधल्याशिवाय भरणं व्यर्थ. आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन, ज्वालाग्राही. घरच्या फ्रिजमध्ये तो जेमतेम पन्नासेक ग्रॅम असतो, पण बंद स्वयंपाकघरात तेवढाही धोक्याचा. शिवाय त्याची सक्शन बाजू (कॉम्प्रेसर गॅस ओढतो ती) चालताना वातावरणापेक्षा कमी दाबावर असते, म्हणून तिकडे गळती असेल तर हवा आत ओढली जाते. नळ्यांना मी स्वतः हात लावत नाही. मिस्त्री बोलवायचा झाला तर व्हॅक्यूम पंप आणणारा आणि ड्रायर (ओलावा शोषणारा गाळणा) नवा टाकणाराच. नुसता गॅस सोडून जाणाऱ्याला परत पाठवा.

थंडीसाठी ठरवलेलं

जानेवारीत इथे उलटा प्रकार होतो. स्वयंपाकघर रात्री १०-१२ अंशांवर येतं, म्हणजे नेमप्लेटच्या १६ च्याही खाली. आमच्या फ्रिजचा थर्मोस्टॅट खालच्या कप्प्यात आहे. तिथे मुळातच गार असल्याने तो कॉम्प्रेसर फारसा चालू करत नाही आणि वर फ्रीझरमध्ये आइस्क्रीम मऊ पडतं. काही मॉडेलांत यासाठी विंटर स्विच असतो, आमच्यात नाही. फ्रीझरची नॉब सर्वांत थंडवर ठेवली की खाली जाणारी हवा आवळली जाते, खालचा कप्पा हळू गार होतो आणि कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो. या थंडीत दोन थर्मामीटर, एक वर आणि एक खाली, लावून नॉबच्या प्रत्येक खुणेवरचे आकडे घेणार आहे. ज्यांच्याकडे असाच एका थर्मोस्टॅटचा फ्रिज आहे त्यांनीही घ्यावेत. खोलीचं तापमान शेजारी लिहायला विसरू नका, त्याशिवाय आकडे ताडून पाहता येणार नाहीत.